प्रेमाताई स्की शिकणार

रविवारी सकाळी, तव्यावर घावन असताना, प्रेमाताईंच्या सुट्टीचा परस्पर निकाल लागला. तो लावणारा त्यांचा स्वतःचा मुलगा होता, आणि आपण कुणाचा निकाल लावतोय याची त्या शहाण्याला गंधवार्ताही नव्हती.

सारंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. डिसेंबरच्या सुट्टीत सगळ्यांनी जपानला, होक्काइदोतल्या एका स्की रिसॉर्टला जायचं ठरलं होतं. तिकिटं झाली होती, हॉटेल झालं होतं, आता मुलांचा फॉर्म भरायचा राहिला होता. समोर त्याची बायको मेधा कॉफीचा मग धरून बसली होती. आठ वर्षांची गार्गी घावन खात होती आणि तीन वर्षांचा यश टेबलाखाली गाडी फिरवत होता.

"गार्गी, स्की स्कूल, चार दिवस," सारंग मोठ्याने वाचत टिचक्या मारत होता. "यश... तीन वर्षांच्या मुलांना स्की नाही, त्यांच्यासाठी नर्सरी. नऊ ते चार. जेवण, झोप, बर्फात खेळणं." आणि मग श्वासही न घेता, "नर्सरी नको. आई आहेच ना."

"हो, आई आहेत," मेधा म्हणाली, आणि फॉर्म पुढच्या पानावर गेला.

आता यात बिघडलं काय, असं कुणीही विचारेल. क्लेमेंटी या परदेशी उपनगरातल्या त्यांच्या ब्लॉकमध्ये तर नक्कीच विचारेल. तिथे पुण्या-मुंबईची पाच-सहा घरं होती, बहुतेक आयटीतली, आणि लहान मूल असलेल्या प्रत्येक घरात एक आजी होती. कधी आईची आई, कधी बाबांची आई. एकीचा राहण्याचा पास संपत आला की दुसरीचं तिकीट निघायचं. मुलं या मांडीवरून त्या मांडीवर जायची आणि घरातल्या बाईवर पाळणाघराचं दार वाजवायची वेळच यायची नाही. संध्याकाळी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत या सगळ्या आज्या हातात वाट्या घेऊन नातवंडांच्या मागे फिरायच्या, आणि दहाव्या मजल्यावरच्या संजीवनीबाई म्हणायच्या, "आपण आलोय कशाला मग?" सगळ्या हसायच्या. प्रेमाताईही हसायच्या, पण ते वाक्य त्यांना कधी आवडलं नव्हतं.

प्रेमाताईंचं वय चौसष्ट. यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. चिंचवडला त्यांनी एकतीस वर्षं बालवाडी चालवली होती. त्यांनी नाकं पुसलेली पोरं आता बँकांत आणि हॉस्पिटलांत साहेब होऊन बसली होती आणि अजूनही रस्त्यात दिसल्या की वाकून नमस्कार करत. यशवर तर त्यांचा जीवच होता. गेले आठ महिने तो त्यांच्याच हाताने जेवत होता आणि त्यांच्याच कुशीत झोपत होता. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

पण त्यांना बर्फावरून घसरायचं होतं. बस्स, एवढंच. दोन महिन्यांपूर्वी गार्गीने टॅबवर एक व्हिडिओ दाखवला होता. त्यात पांढऱ्या केसांची एक बाई डोंगरउतारावरून सुर्रकन खाली येते, थांबते आणि हसते. प्रेमाताईंनी तो एकदा गार्गीबरोबर पाहिला आणि नंतर किती वेळा एकट्याने पाहिला ते मोजलं नाही. त्या दिवसापासून भाजी शिजेपर्यंत ओट्याला धरून गुडघ्यात वाकायचं आणि उठायचं, असा त्यांचा व्यायाम सुरू होता. कुणाला बोलल्या मात्र नाहीत. सगळ्यांबरोबर जायचंय म्हणजे ते आपोआप होईल असं त्या धरून चालल्या होत्या. इथेच त्या फसल्या. त्या घरात आपोआप होणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्या स्वतः.

त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि बाहेर आल्या.

"सारंग, मागचं पान काढ."

"का गं?"

"काढ म्हटलं ना. गार्गीला कुठल्या वर्गात घातलंस?"

"इंटरमीडिएट. स्केटिंग येतंय की तिला. शिवाय दिवसभराचा खाजगी कोच घेतोय, म्हणजे पटापट पुढे जाईल."

"पुढे म्हणजे कुठे? दरीत?" प्रेमाताईंनी कमरेवर हात ठेवले. "पोरीने जन्मात बर्फ पाहिला नाही फ्रीजच्या बाहेर, आणि हा तिला वरच्या वर्गात बसवतोय! पहिल्या पायरीपासून शिकू दे. वर्गात दहा मुलं असू देत. मुलं एकमेकांचं पडणं बघून शिकतात. एकटीला कोच दिलास तर पडल्यावर ती त्याच्याकडे बघेल आणि रडेल. आणि अर्धा दिवस पुरे. दुपारी पाय दुखतात, मग उद्या नको म्हणतात."

"आजी is right, Papa," गार्गी तोंडात घास असताना म्हणाली. "I want group, lah. Private so boring."

सारंगने मुकाट्याने टिचकी बदलली. शाळा-बिळा म्हटलं की आईपुढे आपली डाळ शिजत नाही, हे तो लहानपणापासून जाणून होता.

"आता यशचं. नर्सरीला हो कर."

मेधाचा मग टेबलावर आपटला. "आई, तो कुणाकडे राहत नाही! तुम्हाला माहितेय. परक्या देशात, परक्या लोकांत... आणि तुम्ही दिवसभर करणार काय?"

"मी स्की शिकणार."

सगळे खो-खो हसले. सारंग हसला, मेधा हसली, काही न कळता यशही टेबलाखालून हसला. हसल्या नाहीत त्या फक्त प्रेमाताई. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि एकेकाचं हसू आपोआप विरलं.

"आई, तुझे गुडघे," सारंग म्हणाला.

"गुडघ्यांचं मी बघेन. तू फॉर्म बघ."

मेधाने मग उचलून सिंकमध्ये ठेवला. तिला लागलं होतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. आईंना नातवाचा कंटाळा आलाय, असं तिच्या मनाने घेतलं. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना तिने शेवटी विचारलंच, "आई, यशचा त्रास होतो का तुम्हाला?"

"त्रास? वेडी आहेस का?" प्रेमाताईंनी तिच्या हातातला टॉवेल घेतला. "हे बघ, जानेवारीत माझा पास संपतोय. तुझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला यंदा येता येत नाही. यशला इथल्या क्वीन्सटाउनच्या त्या चाइल्डकेअरमध्ये घालायचं तुम्हीच ठरवलंत ना? मग तो कधीतरी कुणाकडे राहायला शिकणारच. जपानला तर आपण हाकेच्या अंतरावर आहोत. मी खोलीत त्याला धरून बसले, तर जानेवारीत तुझे हाल होतील आणि त्याचेही. आणि हो, मला स्की शिकायचंय. ते वेगळं. उगाच एकाच्या मागे दुसरं लपवत नाही मी."

मेधाला थोडं पटलं, थोडं नाही. पण ती मॅनेजर बाई. पटो न पटो, चाचणी घेतल्याशिवाय तिने ऑफिसातही कधी काही मंजूर केलं नव्हतं. तिने दोन अटी घातल्या. पहिली, त्या नर्सरीशी व्हिडिओवर बोलायचं. दुसरी, येत्या शनिवारी यशला क्वीन्सटाउनला दोन तास ठेवून बघायचं. राहिला तर नर्सरी. नाही राहिला तर आईंनी हॉटेलात त्याच्याजवळ थांबायचं, आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

"कबूल," प्रेमाताई म्हणाल्या. "माझी एकच अट. सोडायला तू आत जायचंस. मी बाहेर बसणार."

"चालेल," मेधा म्हणाली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मंगळवारी दुपारी व्हिडिओ लागला. पलीकडे होक्काइदोची बाई, गोल चेहऱ्याची, शांत. प्रेमाताईंचं इंग्रजी बालवाडीतलं होतं, वाक्यं छोटी आणि आवाज खणखणीत. त्यांनी वही उघडली. एका बाईमागे मुलं किती? शू-शीला कोण नेतं, तीच बाई की दुसरी? बर्फातून आत आलं की मोजे कोण बदलतं? झोप नाही आली तर जबरदस्तीने निजवता का? एकाने दुसऱ्याला चावलं तर काय करता? पलीकडची बाई प्रत्येक प्रश्नाला मान डोलवून उत्तर देत होती, आणि चावण्याच्या प्रश्नाला तर तिचे डोळेच लकाकले. जातभाईण भेटली की माणूस ओळखतं.

शेवटी प्रेमाताईंनी विचारलं, "मूल रडलं तर किती वेळ रडू देता?"

"रडू देत नाही," बाई सावकाश म्हणाली. "शेजारी बसतो. ते रडतं, आम्ही बसतो."

प्रेमाताईंनी वही मिटली. "ही बाई चांगली आहे," त्या मेधाला म्हणाल्या. "खोटं बोलणारी असती तर म्हणाली असती, आमच्याकडे मुलं रडतच नाहीत."

गुरुवारी गार्गीचा सरावाचा वर्ग होता. एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर उताराचा फिरता गालिचा होता, त्यावर स्कीचे जड बूट घालून उभं राहायचं. बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत मुलं बर्फाची सोंगं करत होती. वर्ग संपल्यावर प्रेमाताईंनी तिथल्या शिक्षिकेला विचारलं, मी उभी राहू का? शिक्षिका पन्नाशीची चिनी बाई होती. तिने यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "Auntie, can. But slow slow, ah."

बूट चढवायलाच दहा मिनिटं गेली. गालिचा हलला तशा प्रेमाताई बदकन बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या.

"आजी, bend your knees! पुढे बघ, पायाकडे नको!" गार्गी कठड्यावरून ओरडत होती. तिसऱ्या खेपेला प्रेमाताई उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. पुरता एक मिनिट. हात पसरलेले, कुर्त्याच्या बाह्या वर गेलेल्या, कपाळावर घाम. गार्गीने टाळ्या पिटल्या. घरी येताना बसमध्ये प्रेमाताईंचं अंग ठणकत होतं आणि त्या स्वतःशीच हसत होत्या.

मग शनिवार उजाडला. चार स्टेशनांचाच काय तो प्रवास, पण मेधाने यशच्या पिशवीत तीन दिवसांचे कपडे भरले होते. क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकच्या तळमजल्यावर ते चाइल्डकेअर होतं. बुटकं फाटक, बुटांची फळी, मोठ्या काचेतून दिसणारी खोली. टीचर लिम नावाच्या वयस्कर बाई दारात उभ्या होत्या. ठरल्याप्रमाणे प्रेमाताई बाहेर टपालपेट्यांशेजारच्या बाकावर बसल्या आणि मेधा यशला घेऊन आत गेली.

खोलीच्या मध्यावर पाण्याचा टब होता, त्यात मुलं डबे बुडवत होती. यश तिकडेच बघत होता. मेधाने त्याचा पापा घेतला आणि निघाली. दाराशी जाऊन परत आली आणि त्याची कॉलर नीट केली. पुन्हा निघाली, पुन्हा परत आली. तिसऱ्या वेळी पोराच्या लक्षात आलं की इथे काहीतरी काळंबेरं आहे, आणि त्याने जे भोकाड पसरलं ते वरच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

मेधा बाहेर आली ती रडवेलीच. "आई, तुम्ही जा ना आत. तुम्हाला बघून गप्प होईल तो. ऐका, तुमच्याच नावाने रडतोय."

खरंच होतं ते. "आजी! आजीऽऽ!" काचेतून स्पष्ट ऐकू येत होतं. मम्मा नाही, आजी.

प्रेमाताईंनी एकतीस वर्षांत हजारो मुलांचं रडणं ऐकलं होतं. त्यांच्या आयांना त्या फाटकाबाहेर काढत आल्या होत्या आणि आत येऊन निवांत चहा पीत आल्या होत्या. पण त्यातलं एकही मूल त्यांच्या नावाने रडलं नव्हतं. पाय आपसूक उठायला लागले. आत जायचं, उचलायचं, पाच सेकंदांत गप्प. स्की नि बर्फ नि डोंगर, त्या क्षणी त्यांच्या डोक्यात काही उरलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली.

"मी नाही जाणार," त्या म्हणाल्या. "तू जा. एकदाच जा. त्याच्यासमोर बस आणि सांग, मी बारा वाजता येणार. रडू नकोस, कॉलर बघू नकोस. सांग आणि ये."

मेधा गेली. काचेतून दिसलं, ती खाली बसली, काहीतरी बोलली, उठली आणि मागे न बघता बाहेर आली. रडणं थांबलं नाही. टीचर लिम शेजारी बसून राहिल्या. मग कधीतरी हुंदके आले, मग हुंदक्यांमधलं अंतर वाढलं, आणि मग यशने बसल्याजागी हात लांब करून पाण्यातला डबा ओढला.

दोघी सासवा-सुना बाकावर एकमेकींकडे न बघता बसल्या होत्या.

"मी कधीच कुणाला सोडायला गेले नाही, आई," मेधा म्हणाली. "गार्गीच्या वेळी माझी आई जायची. मी मीटिंगमध्ये. आणि हा... मला हाकसुद्धा मारत नाही हो रडताना. मला फार वाईट वाटतं त्याचं."

"कशी मारेल? तू जातेस हेच त्याला कधी कळत नाही," प्रेमाताई म्हणाल्या. "रोज सकाळी मी त्याला खिडकीतून बस दाखवते आणि तू मागच्या मागे निसटतेस. पोराला कळतं काय? मम्मा कधी असते, कधी नसते. बालवाडीत एखाद्या आईने असं केलं असतं ना, तर मी तिची चांगली हजेरी घेतली असती. आणि इथे आठ महिने मीच तुला पळायला मदत करत्येय. मला सोपं पडत होतं. तो माझ्यापाशी राहायचा, मलाही बरं वाटायचं. चुकलंच माझं."

मेधाने त्यांच्याकडे पाहिलं. आपली सासू चूक कबूल करतेय, हे तिने लग्नाच्या अकरा वर्षांत प्रथमच ऐकलं होतं. तिने नाक पुसलं, फोन काढला आणि घरी गार्गीबरोबर असलेल्या सारंगला लावला.

"नर्सरीला हो कर. राहिलाय तो. आणि आईंचं नाव घाल, मोठ्यांच्या पहिल्या वर्गात, चारही दिवस."

"अगं पण तिचे गुडघे..."

"मला काय सांगतोस? त्यांना विचार की." आणि तिने फोन प्रेमाताईंच्या हातात दिला.

पलीकडे सारंग जरा घुटमळला. "आई... तुला खरंच जायचंय?"

"जायचंय," प्रेमाताई म्हणाल्या. "आणि पहिल्याच दिवशी विचारलं असतंस, तर तेव्हाही हेच सांगितलं असतं. नाव घाल."

"घालतो," सारंग म्हणाला, आणि मग हळूच, "सॉरी गं."

बाराला पाच मिनिटं असताना दोघी फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. आतली मुलं ओळीने बूट घालत होती. यशच्या शर्टाची पुढची बाजू चिंब होती, चेहऱ्यावर वाळलेल्या अश्रूंचे ओघळ होते आणि हातात कुणाचा तरी लाल डबा होता. टीचर लिमनी फाटक उघडलं.

आठ महिने तो रोज ज्या हातांकडे धावत आला होता, ते हात सवयीने पुढे झाले. प्रेमाताई थोड्या वाकल्यासुद्धा. यश धावत सुटला, त्यांच्या शेजारून गेला आणि मेधाच्या गुडघ्यांना जाऊन मिठी मारली. "मम्मा आली! बारा वाजले!" तो ओरडला. बारा म्हणजे काय हे त्याला ठाऊकही नव्हतं.

प्रेमाताईंच्या काळजात कळ उठली. खोटं कशाला बोला, चांगली कळ उठली. आणि त्याच वेळी, चाळीस पोरांचा वर्ग पहिल्यांदा एका हाकेसरशी गप्प बसतो तेव्हा वाटायचं, तसं गार समाधानही वाटलं. त्यांनी हात मागे घेतले आणि यशच्या पिशवीचा पट्टा खांद्यावर चढवला.

मेधा खाली बसली होती, पोराला छातीशी धरून, आणि वर बघत होती. तिचा विश्वासच बसत नव्हता.

"आई, तो माझ्याकडे आला."

"येणारच," प्रेमाताई म्हणाल्या. "आज तू सांगून गेली होतीस."